नौदल बंदरातील टगांचा पर्यवेक्षक कप्तान: कामाची रीत

एका टगचा (मोठी जहाजे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या लहान पण ताकदवान बोटीचा) कप्तान आपल्या हातातील लिव्हर, समोरची दोरी आणि शेजारचे जहाज यांचा विचार करतो. पर्यवेक्षक कप्तानाला मात्र त्या दिवशी बंदरात चालणाऱ्या सगळ्या टगांचा, त्यांवरील माणसांचा आणि अजून धक्का न सोडलेल्या जहाजाचाही विचार करावा लागतो. जहाज हलवताना हुकूम पायलट (बंदराचा वाटाड्या अधिकारी) देतो, जहाजाची अंतिम जबाबदारी त्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याची असते, आणि टग पुरेसे, योग्य व सुस्थितीत आहेत की नाहीत याचे उत्तर पर्यवेक्षकाने द्यायचे असते. म्हणून दोरी जहाजावर जाण्यापूर्वीच त्याच्या कामाचा मोठा भाग उरकलेला असावा. जो पर्यवेक्षक ऐन वेळी रेडिओवर सर्वांत जास्त बोलतो, त्याची आदल्या दिवशीची तयारी अपुरी होती असे खुशाल समजावे.

हालचालींचा कार्यक्रम हाती येताच प्रत्येक जहाजाबाबत पहिला प्रश्न असा विचारावा की, ते स्वतःच्या इंजिनावर निघणार आहे की बंद स्थितीत ओढून न्यायचे आहे. इंजिन, सुकाणू आणि कधी कधी वीजही नसलेले जहाज सुक्या (पाणी उपसून कोरड्या करता येणाऱ्या) गोदीत न्यायचे असेल, तर त्याला थांबवण्याचे काम टगांनाच करावे लागते. अशा वेळी पुढे, मागे आणि बाजूला मिळून टगांची संख्या वाढवावी आणि वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी ठेवण्याचे आधीच ठरवून घ्यावे. त्यानंतर भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाचा जोर वाढतो आणि पाणी स्थिर असण्याचा अवधी आखूड होतो, त्यामुळे गोदीच्या तोंडाशी जहाज नेमके कोणत्या वेळी पोहोचले पाहिजे, तेथून मागे मोजत टग सुटण्याची वेळ काढावी.

वाऱ्याचा हिशेब अंदाजावर सोडू नये. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 20 नॉट (ताशी 20 सागरी मैल), म्हणजे सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाचा वारा 1,000 चौरस मीटर बाजूवर आडवा आदळला, तर साधारण 6 टन जोर पडतो, आणि वारा दुप्पट झाला की तोच जोर 24 टनांच्या आसपास जातो. विमानवाहू नौकेची बाजू याच्या कितीतरी पट मोठी असते. टगच्या प्रमाणपत्रावरील बोलार्ड पुल, म्हणजे त्याची ओढण्याची ताकद, मात्र किनाऱ्यावरील खुंटाला दोरी बांधून, टग जागच्या जागी उभा असताना मोजलेला असतो. चालत्या पाण्यात तो कमी मिळतो. दोरी आखूड असून टगच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत थेट जहाजाच्या अंगावर आदळत असेल तर आणखी कमी मिळतो. जुन्या पद्धतीचा टग उलट चालीत ओढू लागला तर बराच घटतो. म्हणून कागदावरील आकड्यांची बेरीज बरोबर जुळली तरी एक टग राखीव ठेवावा आणि वाऱ्याची कमाल मर्यादा आदल्या दिवशीच लिहून सर्वांना कळवावी. सकाळी धक्क्यावर अधिकारी ताटकळत उभे असताना ठरवलेली मर्यादा फार लवचीक होते.

या कामाचा खरा कस युद्धनौकेच्या अंगाशी लागतो. व्यापारी जहाजाची सपाट, जाड पत्र्याची बाजू टगने दाबण्यासाठी सोयीची असते; युद्धनौका वजन वाचवून, वेगासाठी बांधलेली असते आणि तिचा पत्रा दोन फासळ्यांच्या मध्ये सहज चेपतो. दाबण्याच्या जागा बाजूवर खुणांनी दाखवलेल्या असतील तर तेथेच दाबावे. खुणा नसतील तर जहाजाच्या आराखड्यावरून त्या आधी ठरवून घ्याव्यात. अनेक विनाशिकांच्या नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) पाण्यात सोनारचा, म्हणजे ध्वनीने पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्रणेचा, घुमट असतो, त्यामुळे नाळेवरून दोरी घेणाऱ्या टगने जवळून आडवे जाऊ नये. पिछाडीला दोन्ही बाजूंचे पंखे, तसेच मध्यभागाकडे डोलरोधक पंख असल्यास तेही, वरून दिसत नाहीत. दोरी बांधायच्या खुंटांची क्षमता विचारण्यास कधीही संकोच करू नये, कारण 60 टन ओढणारा टग लहान युद्धनौकेचा खुंट डेकसकट उपटू शकतो. अशा जहाजासाठी टगच्या कप्तानाला ताकदीची वरची मर्यादा आकड्यात सांगावी.

विमानवाहू नौकेच्या बाबतीत अडचण वर असते. उड्डाणाचा डेक बाजूच्या बराच बाहेर आलेला असतो, आणि त्याखाली शिरलेल्या टगचा मास्ट, रडार किंवा केबिनचे छत लाटेबरोबर उचलले जाऊन त्यावर आदळू शकते. मास्ट आडवा पाडता येणारे टगच अशा जागी नेमावेत, आणि कामापूर्वी पाण्यापासून उड्डाणाच्या डेकची आणि टगच्या सर्वांत उंच भागाची उंची यांचा मेळ घालून मोकळी जागा किती उरते ते काढावे. पायलट ज्या ब्रिजवर उभा असतो तेथून हे टग बहुधा दिसतच नाहीत. म्हणून त्यांनी आपली जागा आणि दोरीचा कोन वेळोवेळी स्वतःहून कळवावा.

पाणबुडी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तिचे अंग गोल असते आणि पाण्याखाली ते बाहेर फुगलेले असते, त्यामुळे टगचा फेंडर (धक्का सोसणारी रबरी गादी) टेकण्याआधीच टगचा तळ किंवा पंखा तिला लागू शकतो. पाण्याखालपर्यंत फेंडर असलेला टग वापरावा किंवा मध्ये तरंगता तराफा घालावा. अनेक पाणबुड्यांच्या बाहेरील अंगावर आवाज शोषणाऱ्या रबरी फरशा चिकटवलेल्या असतात. टग एका जागी टेकून राहिला तर चालते, घासत सरकला तर त्या निघतात. पिछाडी पाण्याखाली निमुळती होत जाते आणि पंखा व आडवी सुकाणी दिसणाऱ्या भागाच्या बरीच मागे असतात. वारा तिला फारसा हलवत नाही, पण बहुतेक भाग पाण्यात असल्याने प्रवाह मात्र नेतो, ही गोष्ट मोठ्या जहाजांची सवय झालेल्या कप्तानाला मुद्दाम सांगावी लागते. तिच्या अरुंद, निसरड्या पाठीवर खलाशी उभे असताना टगने पंख्याचा झोत त्या दिशेला सोडू नये.

दोरी गुंतल्यानंतरचे सर्वांत मोठे भय टग उलटण्याचे असते. जुन्या पद्धतीच्या टगचा दोरी अडकवायचा हुक त्याच्या मध्याजवळ असतो. जहाजाने वेग घेतला आणि दोरी टगच्या आडव्या बाजूला आली, तर तो कुशीवर ओढला जातो आणि सावरण्यासाठी हाताशी काही सेकंदच असतात. म्हणून हुक तातडीने सोडण्याची यंत्रणा दर कामापूर्वी ब्रिजवरून आणि डेकवरून अशी दोन्हीकडून चालवून पाहावी, ओढताना जलरोधक दारे बंदच ठेवावीत, आणि उकाड्याचे निमित्त सांगून ती उघडी ठेवणाऱ्याला त्या दिवशी काम देऊ नये. सर्व दिशांना वळणारे पंखे असलेले आधुनिक टग या धोक्यापासून बरेच सुरक्षित असले तरी मुक्त नाहीत. जहाजाच्या नाळेजवळील दाबाच्या पट्ट्यातून टग जवळ येतो तेव्हा आधी बाहेर ढकलला जातो आणि मग खांद्याशी, म्हणजे नाळ संपून बाजू सरळ होते तेथे, आत खेचला जातो. हा जोरही वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेग 8 वरून 4 नॉटवर आणला की तो चौथाई होतो. टग जोडताना वेग किती असेल, हे पायलटकडून आधी वदवून घ्यावे.

एचएमपीईच्या (एका मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोऱ्या तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेपेक्षा मजबूत असून पाण्यावर तरंगतात, पण त्या फारशा ताणल्या जात नाहीत आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर खराब होतात. वर्षानुवर्षे तारा घासून खरबरीत झालेल्या जुन्या युद्धनौकेच्या फेअरलीडमधून (दोरी बाहेर काढण्याच्या कड्यातून) अशी दोरी काढायची असल्यास तिच्यावर जाड आवरण चढवावे, आणि झटका सोसण्यासाठी टोकाला नायलॉनचा तुकडा जोडावा. ताणलेल्या दोरीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, हे सांगण्याचा कंटाळा करू नये.

रेडिओवरील प्रत्येक हुकुमात आधी टगचे नाव, मग दिशा आणि शेवटी ताकद यावी. कप्तानाने तो शब्दशः परत म्हणावा. रेडिओ बंद पडल्यास शिट्टीचे कोणते संकेत वापरायचे, हे दोरी देण्यापूर्वी ठरलेले असावे. पायलट आणि कप्तान यांच्या संभाषणात पर्यवेक्षकाने पडू नये. त्याच्यासाठी ‘थांबा’ एवढा एकच शब्द राखून ठेवावा. शेजारच्या धक्क्यावर आंतरराष्ट्रीय सागरी संकेतावलीतील ‘ए’ झेंडा असेल तर पाण्याखाली पाणबुडे आहेत, आणि लाल ‘बी’ झेंडा असेल तर दारूगोळा चढतो वा उतरतो आहे असे समजून मार्ग व वेग बदलावा. दारूगोळ्याजवळ रेडिओ लहरींमुळेही विद्युत-स्फोटकांना धोका असतो, त्यामुळे हातातील संच वापरण्याची परवानगी आधी घ्यावी. जहाजांच्या वेळा, नावे आणि छायाचित्रे टगबाहेर जाणार नाहीत याची जबाबदारीही पर्यवेक्षकाचीच असते.

आग विझवण्याचे काम क्वचित येते, पण येते तेव्हा टगना लगेच धावून जावे लागते. 12 जुलै 2020 रोजी सॅन डिएगो येथे दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या यूएसएस बॉनोम रिशार या अमेरिकी नौकेला लागलेली आग चार दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली, आणि टग बाहेरून तिच्या अंगावर पाणी मारून पत्रा थंड ठेवत होते. पाण्याचा हा मारा जहाजाच्या आत साठला तर जहाज कलते, म्हणून पाण्याची तोफ कोठे रोखायची हे आगीवर नेमलेल्या अधिकाऱ्याला विचारूनच ठरवावे आणि कल किती झाला आहे याची खबर सतत घेत राहावी. सरावात केवळ पाणी उडवून समाधान मानू नये. धुरात टग जागेवर धरून ठेवणे, वाऱ्याची बाजू निवडणे आणि पाण्याच्या झोताच्या प्रतिक्रियेने मागे सरकणारा टग सावरणे यांचाच सराव करून घ्यावा.

माणसांची पाळी लावताना एसटीसीडब्ल्यूच्या (खलाशांचे प्रशिक्षण व पाळ्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) नियमानुसार 24 तासांत किमान 10 आणि 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. नोंदवहीत ती भरून काढणे सोपे असते, म्हणून रात्री कोणाला बोलावले होते ते पर्यवेक्षकाने स्वतः पाहावे. नव्या कप्तानाला आधी धक्क्यालगतची साधी कामे, मग पिछाडीची दोरी आणि सर्वांत शेवटी नाळेची दोरी द्यावी. दिवसअखेर प्रत्येक टगच्या विंच, ब्रेक, फेंडर आणि दोरीची तपासणी लिहून घ्यावी, आणि चाचणीत ज्याचा हुक एकदा जरी अडखळला असेल, तो टग दुरुस्ती होईपर्यंत कामाच्या पाटीवर चढवू नये.