बिऱ्हाड हलवण्याआधी दुसऱ्या नोकरीची चौकशी

ऑफर लेटर हातात पडलं की आपण लगेच घर, शाळा, सामानाचा ट्रक यांच्या मागे लागतो. मीही लागले होते. नव्या शहरात माझ्या क्षेत्रातल्या तीन कंपन्या आहेत, ही नाही तर ती, एवढाच हिशेब करून गेले. चौदा महिन्यांनी आमची शाखा बंद झाली, आणि तेव्हा कळलं की उरलेल्या दोघींचं कामही त्याच एका बड्या ग्राहकावर चालत होतं. त्याने हात आखडता घेतला म्हणून तर आम्ही घरी बसलो होतो. दोन्ही मुलाखतींत समोरच्याने माझ्या आधीच्या साहेबांची ख्यालीखुशाली विचारली आणि जागा नाही म्हणून दारापर्यंत सोडायला आला. तेव्हापासून कुणी गाव बदलायचं म्हटलं की मी एवढंच विचारते: ही नोकरी गेली तर त्याच घरात राहून दुसरी मिळेल का? खालची सगळी चौकशी त्या एका प्रश्नासाठी आहे.

सुरुवात बेरोजगारीच्या दरापासून करा, पण तिथे थांबू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार पाहणीच्या आठवड्यात एक तास जरी मोबदल्यासाठी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. बेरोजगार म्हणजे ज्याला काम नाही, जो ते शोधतो आहे आणि मिळालं तर रुजू व्हायला मोकळा आहे तो. शोधून दमलेला, नाद सोडलेला माणूस या मोजणीतून गळतो. गावच सोडून गेलेला तर तिथल्या मोजणीत येतच नाही. म्हणून तरणीताठी माणसं निघून गेलेल्या मरगळलेल्या भागातही हा दर छान दिसू शकतो. त्याच्या शेजारी दोन आकडे मांडा: काम करण्याच्या वयातल्या शंभर जणांपैकी प्रत्यक्ष कामावर किती, आणि गेल्या दहा वर्षांत पंचवीस ते चाळीस वयाची माणसं वाढली की घटली. दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. या वयातली माणसं बहुतेक कामासाठीच हलतात आणि त्यांनी आपल्याआधी तीच चौकशी केलेली असते.

दरडोई उत्पन्नाच्या आकड्याने मात्र भुलू नका. २०१५ साली आयर्लंडचा जीडीपी, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन, एका वर्षात जवळपास पाव पटीने वाढला. मोठं कारण होतं बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली हे. लोकांचे पगार काही पाव पटीने वाढले नाहीत. पुढे त्या देशाला अशी उलाढाल वगळून उत्पन्न मोजण्याची वेगळी पद्धत काढावी लागली. छोट्या प्रदेशात एखादी रिफायनरी किंवा खाणसुद्धा असाच चकवा देते: उत्पादन तिथे, नफा दुसरीकडे, कामावर मोजकी माणसं.

आता खरा भाग, म्हणजे तो प्रदेश कशावर जगतो. दुकानं, शाळा, दवाखाने सगळीकडेच असतात. बाहेरून पैसा आणणारं काय आहे ते शोधा. यासाठी एक सोपा भागाकार आहे. त्या भागातल्या एकूण नोकऱ्यांपैकी किती टक्के एखाद्या उद्योगात आहेत ते काढा आणि देशभरात त्या उद्योगाचा जो वाटा आहे त्याने भागा. देशात तीन टक्के आणि तिथे सहा, म्हणजे उत्तर दोन. एकाच्या बरंच वर आलं की तो उद्योग बाहेरच्यांसाठी माल किंवा सेवा तयार करतोय असं धरायला हरकत नाही. असे तीन-चार उद्योग सापडले आणि त्यांची दुखणी वेगवेगळी असली तर बरं. एकच सापडला तर सावध व्हा, तो कितीही तेजीत असला तरी.

तेजीतल्या एकखांबी शहरांचं काय होतं याचे दाखले भरपूर आहेत. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १९८२ साली फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या एकट्या कोडॅकमध्ये साठ हजारांवर माणसं होती. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सिएटलमध्ये विमानं बनवणाऱ्या बोइंगने साठच्या दशकाच्या अखेरीपासून इतकी कपात केली की १९७१ मध्ये दोघा घरविक्री दलालांनी विमानतळाजवळ फलक लावला: शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत. फलक थट्टेचा होता, पण कपात हजारोंची होती. सिएटल पुढे सावरलं, त्याला वेळ लागला. आणि आपल्या हाताशी वेळ किती असतो? घरभाडं दर महिन्याला येतं. तेलावर, खनिजावर चालणाऱ्या भागात तर हे चक्र आणखी वेगाने फिरतं. २०१४ च्या मध्याला बॅरलमागे शंभर डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आलं. मधल्या दीड वर्षात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या तेलपट्ट्यात चढ्या भाड्याने घर घेऊन बसलेल्यांनी काय केलं असेल याची कल्पना करा.

एक पायरी आणखी खाली जा. उद्योग वेगवेगळे दिसले तरी ग्राहक एकच तर नाही ना? माझी चूक इथेच झाली होती. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ग्राहकांची नावं असतात, वार्षिक अहवालात बहुतेकदा मोठ्या ग्राहकांवरच्या अवलंबनाचा उल्लेख असतो. ती नावं एका कागदावर मांडा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या नावाभोवती वर्तुळ काढा.

मग जाहिराती वाचा, अर्ज करण्यासाठी नाही, मोजण्यासाठी. तीन महिने दर रविवारी आपल्या कामाच्या जागा उतरवून काढायच्या: कंपनी, पद, अनुभव, कायम की कंत्राटी, पगार लिहिला असेल तर तोही. माझ्या वहीत एक जागा अकरा आठवडे होती, दर वेळी तारीख नवी. अशी जागा म्हणजे एक तर तिथे कुणी टिकत नाही किंवा भरती करायचीच नाही, नुसते अर्ज गोळा करायचे आहेत. वेगवेगळ्या कंपन्या किती आणि आपल्या अनुभवाच्या पातळीच्या जागा किती, हे दोन आकडे कामाचे. नवख्यांसाठी शंभर जागा असून पंधरा वर्षांच्या अनुभवाला तीनच, असं अनेक ठिकाणी असतं. पर्यटनावर चालणारा भाग असेल तर ही मोजणी मंदीच्या हंगामात करा.

करारातली कलमंही याच यादीत येतात. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करायला बंदी असेल तर शहरात दहा कंपन्या असून उपयोग काय? कॅलिफोर्नियात अशी कलमं १८७२ पासूनच्या कायद्यानुसार सहसा टिकत नाहीत, आणि तिथल्या तंत्रज्ञान उद्योगात माणसं इतक्या सहज कंपन्या बदलतात त्याचं हे एक कारण सांगितलं जातं. आपण जाणार तिथला कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा. डॉक्टर, नर्स, शिक्षक, वकील यांनी स्थानिक नोंदणी किंवा परवाना लागतो का, तो मिळायला किती महिने जातात हेही आधी पाहावं. त्या काळात पगार नसतो.

पगाराची तुलना हातात येणाऱ्या रकमेची करा: कर, भाडं, जाण्यायेण्याचा खर्च वजा करून. भाडं जाहिरातीतलं नको, गेल्या सहा महिन्यांत तिथे घर घेतलेल्याला विचारून घ्या. जोडीदारही कमावता असेल तर वरची सगळी मोजणी त्याच्या कामासाठी वेगळी करायची. हे बहुतेक जण विसरतात आणि मग एकाच्या बढतीत दुसऱ्याची दोन वर्षं जातात.

शेवटी एकदा जाऊन या, कामाच्या दिवशी. पाळी सुटताना कारखान्याच्या किंवा ऑफिसच्या फाटकासमोर अर्धा तास उभं राहा. बाहेर पडणारे गणवेशातले आहेत की कंत्राटदाराच्या ओळखपत्रातले, तरुण आहेत की निवृत्तीला टेकलेले, ते दिसतं. मुख्य रस्त्यावर दोनशे पावलं चाला आणि बंद शटर मोजा. भाड्याच्या पाट्या नव्या असतील तर ठीक. रंग उडालेल्या असतील तर त्या कधीपासून आहेत ते शेजारच्या दुकानात विचारा. संध्याकाळी बस भरून येते का ते पाहा, आणि गेल्या वर्षी कुठली फेरी बंद झाली हे कंडक्टरला विचारा.

एवढं करून जायचं ठरलंच तर घराचा पहिला करार मिळेल तितक्या कमी मुदतीचा करा आणि जुन्या ठिकाणची व्यावसायिक नोंदणी निदान वर्षभर चालू ठेवा. सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात टाका. नोकरी गेली तर अर्ज करायच्या पाच कंपन्यांची नावं सामान बांधतानाच वहीत लिहून घ्या. पाच भरत नसतील तर ट्रकवाल्याला अजून आगाऊ रक्कम देऊ नका.