‘टमी टक’चा कोणता प्रकार कोणासाठी? पोटाच्या शस्त्रक्रियेची निवड कशी करावी

‘टमी टक’, म्हणजे पोटाची सैल त्वचा काढून स्नायू आवळण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यायची इच्छा असलेली व्यक्ती प्लास्टिक सर्जनकडे जाते तेव्हा पुष्कळदा शस्त्रक्रियेचे नाव मनाशी ठरवूनच गेलेली असते. मैत्रिणीने ‘मिनी’ करून घेतलेली असते, मोबाइलवर कोणाचे तरी आधीचे आणि नंतरचे फोटो पाहिलेले असतात, किंवा व्रण लहान राहावा या एकाच गोष्टीवर मन बसलेले असते. हा क्रम उलटा आहे. पोट पुढे दिसण्याची कारणे मुख्यतः चार असतात : सैल पडलेली त्वचा, त्वचेखालची चरबी, मध्यरेषेपासून दूर सरकलेले स्नायू आणि स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी. टमी टकचा प्रत्येक प्रकार यांपैकी काही कारणांवरच उपयोगी पडतो आणि चौथ्या कारणावर तर कोणताच पडत नाही. म्हणून प्रकारांची तुलना करण्यापूर्वी आपल्या पोटाची तक्रार नेमकी कोणत्या थरातली आहे, ते शोधावे.

आधी आपले पोट तपासा

आरशासमोर सरळ उभे राहून बेंबीच्या खाली आणि मग वर पोटाची घडी चिमटीत धरावी. चिमटीत येते ती त्वचा आणि तिच्याखालची चरबी. शस्त्रक्रियेत काढता येते ती एवढीच. मग कमरेतून थोडे पुढे वाकावे. वाकल्यावर त्वचा लोंबू लागली तर ती सैल पडलेली आहे. लोंबणारा भाग फक्त बेंबीखालचा आहे की वरचाही, कमरेच्या बाजूंनाही वळ्या आहेत का, हे नीट पाहून ठेवावे, कारण पुढचा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर होतो.

त्यानंतर उताणे झोपून गुडघे दुमडावेत, बोटे बेंबीपाशी मध्यरेषेवर आडवी ठेवावीत आणि डोके व खांदे किंचित उचलावेत. दोन्ही बाजूंचे उभे स्नायू ताठ होतात आणि त्यांच्यामधली फट बोटांना लागते. ती दोन बोटांहून, म्हणजे साधारण २ सेंटिमीटरहून अधिक रुंद असेल तर स्नायू एकमेकांपासून दूर गेले आहेत. डॉक्टर याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. गरोदरपणात असे होणे स्वाभाविक आहे आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ही फट पुष्कळशी आपोआप कमी होते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाचाही उपयोग होतो. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट सुती पातळाने किंवा पट्ट्याने बांधण्याची पद्धत आहे. त्याने कमरेला आधार मिळतो आणि बरे वाटते, परंतु ताणून रुंद झालेली मधली पट्टी बांधल्याने पूर्ववत होत नाही. डोके उचलताना बेंबीपाशी गोळा वर आला तर तो हर्निया असू शकतो. तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

तसेच उताणे पडलेले असताना, पोट अगदी ढिले सोडून, ते बरगड्यांच्या पातळीखाली जाते का तेही पाहावे. ते घुमटासारखे वरच राहिले आणि चिमटीत फारसे काही आले नाही, तर चरबी आत आहे. ही गोष्ट भारतीय माणसाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के तर याज्ञिकांचे २१.२ टक्के भरले. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या पोटातही अशी चरबी असते, आणि म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असणे धोक्याचे समजतात. आतली चरबी आहार, व्यायाम आणि गरज पडल्यास औषधांनीच कमी होते. ती तशीच ठेवून वरून त्वचा आणि स्नायू आवळले तर आतला दाब वाढतो, श्वासाला त्रास होऊ शकतो आणि पोटही सपाट होत नाही.

प्रकार आणि त्यांची योग्य माणसे

त्वचा घट्ट आहे, स्नायू जागेवर आहेत आणि फक्त चिमटीत येणारी चरबी जास्त आहे, अशा व्यक्तीला टमी टकची गरजच नसते. तिला लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणे, पुरते. सैल त्वचेवर मात्र नुसते लायपोसक्शन केले तर आतला भराव निघून जातो आणि वरची त्वचा आणखी लोंबते.

मिनी टमी टकमध्ये बेंबीखालचीच त्वचा काढतात, बेंबी जागची हलवत नाहीत आणि स्नायूंची शिवणही साधारणपणे बेंबीखालीच राहते. त्यामुळे बेंबीच्या वर सैलपणा नसलेल्या, वजन आटोक्यात असलेल्या आणि फक्त ओटीपोट थोडे ओघळलेल्या व्यक्तीसाठी ती योग्य आहे. माझ्या मते या शस्त्रक्रियेच्या नावानेच अनेकांची दिशाभूल होते. ‘मिनी’ हे विशेषण केवळ धोक्याला किंवा विश्रांतीच्या दिवसांना लागू नाही. ते दुरुस्तीच्या आवाक्यालाही लागू आहे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे स्नायू बहुधा बेंबीच्या वरही सरकलेले असतात. तिने लहान व्रणाच्या मोहाने मिनी करून घेतली तर खालचा भाग सपाट आणि वरचा फुगलेला, असे पोट तिच्या वाट्याला येते आणि दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याची वेळ येते.

अशा स्त्रीसाठी पूर्ण टमी टक हाच सरळ मार्ग आहे. यात एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, जांघांच्या वर आडवा छेद घेतात, त्वचा व चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सोडवतात, स्नायूंवरचे आवरण छातीच्या हाडाच्या टोकापासून जघनास्थीपर्यंत मध्यरेषेवर शिवून घेतात, वरची त्वचा खाली ओढून जादा भाग कापतात आणि बेंबीसाठी नवे छिद्र करून ती बाहेर काढतात. साहजिकच बेंबीभोवतीही व्रण राहतो. बेंबीखालच्या गर्भारपणाच्या रेषा त्वचेबरोबर निघून जातात. वरच्या मात्र खाली सरकतात, नाहीशा होत नाहीत. सिझेरियनचा आडवा व्रण बहुतेक वेळा काढल्या जाणाऱ्या भागातच येतो. पोटाच्या वरच्या भागातली आणि कमरेवरची चरबी त्याच वेळी लायपोसक्शनने कमी केली तर त्या शस्त्रक्रियेला लायपोअ‍ॅबडॉमिनोप्लास्टी म्हणतात. त्यात त्वचेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या शक्य तितक्या जपण्यासाठी थर कमी सोडवतात.

बाजूंच्या वळ्या पाठीकडे जात असतील तर छेद कमरेच्या हाडांपलीकडे वाढवून विस्तारित टमी टक करतात. बॅरिअ‍ॅट्रिक (वजन घटवण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या) शस्त्रक्रियेनंतर किंवा फार मोठे वजन घटवल्यानंतर सैलपणा नुसता वरून खाली नसतो, आडवाही असतो. तो घालवायचा तर आडव्या छेदाला मधोमध उभा छेद जोडावा लागतो. या पद्धतीला फ्लर-द-ली म्हणतात. कमरेला चांगला आकार येतो, पण उभा व्रण झाकता येत नाही आणि दोन छेद मिळतात त्या जागी जखम भरायला वेळ लागू शकतो. नितंब आणि मांड्यांच्या बाजूही ओघळल्या असतील तर कमरेभोवती पूर्ण फिरणाऱ्या छेदाची शस्त्रक्रिया करतात. ती सर्वांत मोठी असते.

पॅनिक्युलेक्टोमी वेगळी आहे. मांड्यांवर लोंबणाऱ्या घडीखाली सतत घाम साचून चट्टे, बुरशी किंवा जखमा होत असतील तर ती घडी कापून काढणे, एवढाच तिचा हेतू असतो. त्यात स्नायू आवळत नाहीत, म्हणून त्यानंतर पोट सपाट दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. फक्त पोटाचा वरचा भाग सैल असलेल्या थोड्या जणांत स्तनांखालून छेद घेऊन त्वचा वर ओढतात. तो क्वचित वापरला जाणारा उलटा प्रकार होय.

जुने व्रण, तंबाखू आणि योग्य वेळ

पूर्वी पित्ताशयाची उघडी शस्त्रक्रिया झाली असेल तर उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण सर्जनला आवर्जून दाखवावा. टमी टकमध्ये खाली ओढलेल्या त्वचेला रक्त बरेचसे वरून आणि बाजूंनी मिळते आणि हा व्रण नेमका ती वाट अडवतो. अशा वेळी प्रकार किंवा छेदाची आखणी बदलावी लागते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या छोट्या व्रणांनी सहसा अडचण येत नाही.

हीच अडचण निकोटीनमुळे होते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि त्वचेची कड काळी पडून मरण्याचा धोका वाढवते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर निदान चार आठवडे ते पूर्ण बंद हवे. डॉक्टर ‘सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारतात आणि मिश्री लावणारी स्त्री खरेपणाने ‘नाही’ म्हणते. मिश्री, गुटखा, मावा, खैनी, या सर्वांत निकोटीन असते, तेव्हा हे विचारले नाही तरी सांगावे.

पुढे मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी, कारण शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात. बाळंतपणानंतर निदान सहा महिने आणि स्तनपान थांबेपर्यंत थांबावे. वजन सहा महिने स्थिर हवे. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यावेत.

सर्जनशी बोलताना

प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आणि राज्याच्या वैद्यक परिषदेकडील नोंदणी पाहावी. नुसता ‘कॉस्मेटिक’ हा शब्द पाटीवर असणे पुरेसे नाही. माझ्या पोटाला हाच प्रकार का, याच्यापेक्षा लहान केल्यास काय राहून जाईल आणि मोठा केल्यास काय जास्त मिळेल, हे तीन प्रश्न विचारावेत. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत गंभीर धोका आहे, म्हणून स्वतःला किंवा घरात कोणाला पूर्वी गुठळी झाली असल्यास आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास ते लपवू नये. त्वचेखाली पाणी साचणे, व्रणाभोवती बधिरपणा आणि केलॉइडची (व्रण जखमेच्या बाहेरही वाढत जाण्याची) प्रवृत्ती असलेल्यांत जाड व्रण, यांबद्दलही बोलून घ्यावे. व्रण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते.

घरच्यांशी आधीच ठरवून ठेवावे की सुरुवातीचे काही दिवस कमरेत वाकून चालावे लागेल आणि साधारण सहा आठवडे पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर किंवा मूल उचलता येणार नाही. स्नायूंची दुरुस्ती जितकी मोठी, तितकी ही बंधने कडक असतात.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा तिचा खर्च सहसा देत नाही. हर्निया असेल तर त्याच्या दुरुस्तीबाबत विमा कंपनीला स्वतंत्रपणे आणि आधीच विचारावे.

छेदाच्या खुणा सर्जन शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्ण उभा असताना, शाईने आखतात. त्या वेळी नेहमीची अंतर्वस्त्रे बरोबर न्यावीत आणि परकराची नाडी नेहमी कुठे बांधली जाते, निऱ्या किती खाली खोचल्या जातात, तेही दाखवावे. आरशात पाहून रेघ वर वाटली तर तसे तिथेच सांगावे. त्वचेचा ताण परवानगी देत असेल तर ती खाली घेता येते आणि देत नसेल तर का, ते सर्जन चिमटीत त्वचा धरून तिथल्या तिथे दाखवू शकतात.