दिसते एक, साठते दुसरे: मराठी मजकूर हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या या चुका टाळा

दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक ॲप लिहिले होते. केंद्रावरचा माणूस प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाचे माप आणि फॅट नोंदवत असे आणि ती नोंद लगेच सर्व्हरवर जात असे. चाचणीत सगळे सुरळीत चालले. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर मात्र काही केंद्रांकडून येणाऱ्या नोंदींत फॅटचा रकाना रिकामा येऊ लागला. आम्ही आधी नेटवर्कवर संशय घेतला, मग डेटाबेसवर, आणि दोन दिवस लॉग चाळल्यानंतर एकाने दोन फोन शेजारी ठेवून एकच नोंद दोन्हींवरून पाठवली. एका फोनची भाषा इंग्रजी होती, दुसऱ्याची मराठी. मराठी फोनवरून ‘४.२’ गेले होते, तेही देवनागरी अंकांत.

जावा आणि कोटलिन या प्रोग्रामिंग भाषांमध्ये ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’ वापरताना लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग, दिले नाही, तर ते फोनचे लोकेल उचलते. युनिकोडच्या सीएलडीआर या लोकेल-माहितीच्या संग्रहात मराठीसाठी मूळ अंकपद्धती देवनागरी आहे, तर हिंदीसाठी ती इंग्रजी अंकांची (0 ते 9) आहे. त्यामुळे हिंदी फोनवर तपासलेले ॲप मराठी फोनवर वेगळे वागते. आमच्या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट होती. तिचे ‘नंबर’ देवनागरी अंक वाचत नाही, ‘नॅन’ (‘हा अंक नाही’) देते, आणि जेसन या माहिती पाठवायच्या स्वरूपात आणताना त्या नॅनचे ‘नल’ (रिकामे) होते. कुठेही एरर नाही, कुठेही इशारा नाही, फक्त शेतकऱ्याच्या खात्यात फॅट नाही. फॅटवर दुधाचा दर ठरतो, म्हणून ही चूक मला आजही किरकोळ वाटत नाही.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. यंत्राने वाचायची स्ट्रिंग, म्हणजे यूआरएल, जेसन, एसक्यूएल, फाइलचे नाव, तयार करताना ‘लोकेल.रूट’ स्पष्टपणे द्यावे आणि फोनचे लोकेल केवळ माणसाला दाखवायच्या मजकुरासाठी राखावे. वेब पानावर मराठी मजकुरात इंग्रजी अंकच हवे असतील, तर लोकेलच्या नावालाच ‘लॅटिन अंक’ ही सूचना जोडता येते. उलट बाजूचीही काळजी घ्यावी: वापरकर्त्याने देवनागरी अंक टाइप केले तर ते नाकारू नयेत, सर्व्हरवर येताच बदलून घ्यावेत. पायथॉन ३ मधले ‘इंट’ देवनागरी अंक बिनतक्रार वाचते आणि रेगेक्समधला, म्हणजे मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातला, अंकांचा संकेतही तिथे ते स्वीकारतो. म्हणूनच दहा आकड्यांचा मोबाइल क्रमांक देवनागरीत टाइप केला तरी तो तपासणीत पास होतो, तसाच साठतो आणि एसएमएस पाठवणाऱ्या पुढच्या सेवेत जाऊन अडकतो.

आधी लक्षण ओळखावे

मराठी मजकूर बिघडल्याची तक्रार आली की बरेच जण थेट डेटाबेसचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, बदलायला धावतात. हे धोक्याचे आहे, कारण मूळ बाइट शाबूत असताना चुकीचे रूपांतर चालवले तर परतीची वाट बंद होते. पडद्यावर काय दिसते आहे हे नीट पाहिले तर बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे बहुतेक वेळा तिथेच कळते.

सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मजकूर बहुधा साठवतानाच नष्ट झाला आहे आणि तसे असेल तर मूळ स्रोताकडे परत जाण्यावाचून मार्ग नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना ‘एनव्हारकार’ असूनही स्ट्रिंगच्या अवतरणापुढे ‘एन’ हे अक्षर लावायचे राहिले, तर नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांचा संच आणि क्रम ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) नेमके हेच होते. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ‘ए’सारखी युरोपीय अक्षरे आणि चिन्हे पुन्हापुन्हा दिसत असतील तर बहुधा बाइट बरोबर आहेत, वाचणाऱ्याने ते चुकीच्या एन्कोडिंगने वाचले आहेत. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल उघडल्यावर दिसणारा गोंधळ याच जातीचा असतो; फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही एन्कोडिंगची खूण लिहिली, म्हणजे पायथॉनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग वापरले, की तो मिटतो. रिकाम्या चौकोनी पेट्या दिसत असतील तर फक्त फाँट नाही, डेटाला हात लावू नये. काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह एखाद्याच ठिकाणी, बहुधा मजकुराच्या शेवटी, येत असेल तर कोणीतरी बाइट मोजून स्ट्रिंग कापली आहे: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि कात्री त्यांच्या मधोमध पडली आहे. काना किंवा वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसली तर त्या चिन्हाचे व्यंजन त्याच्यापासून तुटले आहे.

मायएसक्यूएलची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तिथे ‘यूटीएफ८’ या नावाचा कॅरॅक्टर सेट दीर्घकाळ ३ बाइटपर्यंतचाच होता. देवनागरी त्यात बरोबर मावते, म्हणून मराठी साइटवर वर्षानुवर्षे काहीच बिघडत नाही, आणि एके दिवशी कोणी अभिप्रायाखाली हात जोडल्याचा इमोजी टाकला की ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ अशी एरर येते. इमोजीला ४ बाइट लागतात. ‘यूटीएफ८एमबी४’ हा योग्य पर्याय आहे आणि आवृत्ती ८.० पासून तोच मूळ पर्याय झाला आहे. जुने टेबल मात्र आपोआप बदलत नाही.

लांबी नेमकी कशाची मोजली?

‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात: वि, द्या, र्थी. गो आणि रस्टमध्ये त्याची लांबी ३० येते, कारण तिथे बाइट मोजले जातात. पायथॉन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ती १० येते, कारण व्यंजन, काना, वेलांटी आणि पाय मोडायचे चिन्ह यांना प्रत्येकी एक कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधला क्रमांक, आहे. स्विफ्ट वाचकाला दिसणारे अक्षर मोजण्याचा प्रयत्न करते. पण जोडाक्षर अखंड धरावे हा देवनागरीसाठीचा नियम युनिकोडच्या मानकात २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्यामुळे कोणत्याही भाषेतली अशी मोजणी करणारी लायब्ररी जुनी असेल तर उत्तर ५ आणि नवी असेल तर ३ येऊ शकते. दोन सेवांमध्ये एकाच शब्दाची लांबी वेगळी येत असेल, तर कोडमध्ये शोधण्याआधी लायब्ररीची आवृत्ती पाहावी.

याचे परिणाम रोजच्या कामात भेटतात. शीर्षक आठ कोड पॉइंटवर कापले तर ‘विद्यार्’ असे पाय मोडलेले शेपूट उरते. नावाचे पहिले अक्षर रंगीत वर्तुळात दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘ज्ञानेश्वर’चा नुसता ‘ज’ होतो आणि ‘क्षितिजा’चा ‘क’. स्वतःच्या नावाचे आद्याक्षर चुकलेले पाहणे कोणालाही आवडत नाही, आणि ही दुरुस्ती अवघड नाही: जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल.सेगमेंटर’ आणि पायथॉनमध्ये वेगळे बसवावे लागणारे ‘रेगेक्स’ मॉड्यूल अक्षरनिहाय तुकडे करून देतात.

ओरॅकलमध्ये ‘व्हारकार२’ रकान्याची रुंदी मूळ सेटिंगमध्ये बाइटमध्ये धरली जाते. ५० रुंदीच्या रकान्यात म्हणून देवनागरीचे केवळ १६ कोड पॉइंट मावतात आणि वडिलांच्या नावासह आडनाव लिहिले की एरर येते. रुंदी ‘कार’ मध्ये द्यावी. एसएमएसचेही तसेच. इंग्रजी संदेशाला मिळणारी १६० अक्षरांची मर्यादा देवनागरीसाठी ७० होते आणि संदेश लांबला की प्रत्येक भागात ६७ उरतात. काना-मात्राही त्यात धरल्या जातात, म्हणून १६० चिन्हांचा मराठी संदेश तीन संदेशांच्या दराने जातो. हे बिल आल्यावर नव्हे, मजकूर मंजूर होतानाच मोजून पाहावे.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चूक ही आहे, कारण ती अर्थच बदलते आणि तपासणीत सहसा सापडत नाही. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला. मराठीला हा फरक लागतो आणि युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती मान्य आहेत. पहिलीत ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा ०९३० क्रमांकाचा ‘र’ घेऊन पाय मोडतात आणि पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह टाकतात. काही कळफलक पहिल्या रीतीने लिहितात, काही दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

आता एखादा प्रोग्रामर इनपुट ‘स्वच्छ’ करण्यासाठी सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकणारी ओळ लिहितो. हेतू चांगला असतो, कारण कॉपी-पेस्टमधून आलेली अशी चिन्हे पासवर्ड आणि आयडीमध्ये खरोखर त्रास देतात. पण दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या प्रत्येक ‘दऱ्या’चा त्या ओळीमुळे ‘दर्या’ होतो, ‘ऱ्हास’चा ‘र्हास’ होतो, आणि एकदा साठल्यावर मूळ शब्द कोणता होता हे यंत्राला सांगता येत नाही. अदृश्य चिन्हे काढण्याआधी ‘र’, पाय मोडायचे चिन्ह आणि जॉइनर या तिघांच्या क्रमाचे रूपांतर ‘ऱ’ आणि पाय मोडायचे चिन्ह असे करून घ्यावे. ही एक ओळ लिहिली की शोधातसुद्धा दोन्ही रीतींनी लिहिलेला शब्द सापडतो.

इथे एनएफसी हे नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकसारखी करण्याची युनिकोडची प्रक्रिया, पुरेसे नाही, आणि ते पुरेसे आहे असे गृहीत धरणे ही वेगळी चूक आहे. नुक्त्यासह लिहिलेला ‘र’ एनएफसी ‘ऱ’मध्ये आणते हे खरे, पण जॉइनरच्या रीतीला ते हात लावत नाही. ‘ॲ’चेही तसेच आहे. ०९७२ क्रमांकाचा एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीचा मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला सापडतो आणि मानकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी लेखने आहेत. म्हणून ‘ॲड.’ शोधल्यावर निम्मेच वकील सापडत असतील तर इंडेक्सला दोष न देता दोन्ही नोंदींचे कोड पॉइंट छापून पाहावेत. शोधासाठी एक वेगळा, एकसारखा केलेला रकाना ठेवावा आणि माणसाने लिहिलेला मूळ मजकूर जसाच्या तसा जपावा, असे माझे ठाम मत आहे.

रेगेक्स आणि वर्णक्रम

पायथॉनच्या अंगभूत ‘री’ मॉड्यूलमध्ये शब्दातल्या अक्षरासाठीचा संकेत काना-मात्रांना अक्षर मानत नाही. ‘मराठी’ हा शब्द त्याला दिला तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात. ‘फक्त अक्षरे आहेत का’ हे विचारणारे ‘इझअल्फा’ही ‘मराठी’ला नाही म्हणते. बातम्यांच्या साइटवर यूआरएलमध्ये काना-वेलांटी गळालेली शीर्षके दिसतात त्यामागे बहुधा हेच कारण असते. वर उल्लेखलेले ‘रेगेक्स’ मॉड्यूल वापरावे, किंवा जिथे युनिकोडचे वर्ग देता येतात तिथे अक्षरांच्या वर्गासोबत ‘मार्क’ हा वर्ग आवर्जून द्यावा.

क्रमवारीत ‘ळ’ फसवतो. कोड पॉइंटमध्ये तो ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे नुसत्या कोड पॉइंटवर लावलेल्या यादीत ‘काळ’ हा ‘कावळा’ आणि ‘कास’ यांच्या आधी बसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन उपलब्ध असते, ते वापरावे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवायचे की ‘क’ आणि ‘ज’च्या खाली, याबाबत कोशाकोशांत फरक आहे, तो निर्णय प्रोग्रामरने परस्पर न घेता काम देणाऱ्याला विचारून घ्यावा.

टेस्ट डेटाविषयी इतकेच सांगतो. नमुन्याचे नाव म्हणून ‘राम पाटील’ टाकले की यातल्या बहुतेक सगळ्या चुका निसटतात आणि टेस्ट पास झालेल्या दिसतात. आमच्या टेस्टमध्ये आता ‘ज्ञानेश्वर ऱ्हाटकर’ हे काल्पनिक नाव आहे, तेही ‘ऱ’च्या दोन्ही रीतींनी लिहिलेले, पत्त्यात ‘ॲ’ने सुरू होणारे घराचे नाव आहे, दोन्ही लेखनांत, मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत आहे, अभिप्रायाच्या शेवटी इमोजी आहे, आणि टेस्ट चालवणाऱ्या एम्युलेटरची भाषा मराठी ठेवलेली आहे.