उबुंटूवर पायथन सोर्स कोडपासून बांधून बसवण्याची पद्धत

उबुंटू २४.०४ सोबत पायथन ३.१२ आधीच बसवलेले असते आणि बहुतेकांचे काम त्यावर सहज भागते. केवळ नवी आवृत्ती हवी असेल, तर डेडस्नेक्सच्या पीपीएतून (उबुंटूसाठी चालवल्या जाणाऱ्या पॅकेजांच्या स्वतंत्र साठ्यातून) किंवा यूव्ही या साधनाने तयार बांधणी उतरवून घेणे केव्हाही लवकर होते, आणि ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांनी पुढचा खटाटोप करू नये. मात्र डीबगिंगसाठी खास बांधणी हवी असेल, ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून आलेली जीआयएलविरहित बांधणी (जीआयएल म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे कुलूप) तपासायची असेल, किंवा इंटरप्रिटरच्या सी भाषेतील कोडमध्ये स्वतः बदल करून पाहायचा असेल, तर सोर्सपासून बांधणी करावीच लागते. येथे उबुंटू २४.०४ वर पायथन ३.१३ बांधण्याची पद्धत दिली आहे. डेबियनवर ती जवळजवळ तशीच चालते. खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, रोमन अंकांसह आणि लहान अक्षरांत टंकाव्यात. $होम हा शब्द, तसेच सोर्सच्या फाइलच्या व फोल्डरच्या नावातील पायथनचे पहिले अक्षर तेवढे मोठ्या लिपीत असते.

सुरुवात करण्यापूर्वी एक पथ्य पक्के करावे: प्रणालीसोबत आलेल्या पायथनला हात लावू नये. उबुंटूमधील सॉफ्टवेअर बसवणारी अनेक साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि त्यांची काही मॉड्यूल्स सी भाषेतून नेमक्या त्याच आवृत्तीसाठी कंपाइल केलेली असतात. /यूएसआर/बिन/पायथन३ ही लिंक नव्या आवृत्तीकडे वळवली की एपीटी_पीकेजी हे मॉड्यूल सापडत नसल्याची तक्रार सुरू होते. ग्नोम टर्मिनल सुरू करणारी फाइलदेखील उबुंटूवर एक पायथन स्क्रिप्टच असल्यामुळे, ज्या टर्मिनलमधून चूक दुरुस्त करायची तेच उघडत नाही. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी कन्सोलवर जाऊन लिंक पूर्ववत करण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून अल्टरनेटिव्हज हे लिंक बदलणारे साधन वापरून ‘पायथन३’ हे नाव नव्या आवृत्तीला देण्याचा जो सल्ला जागोजागी सापडतो, तो मानू नये.

आता पूर्वतयारी. कंपायलर आणि मेक ही साधने बिल्ड-इसेन्शियल या एका पॅकेजमधून मिळतात, आणि ग्रंथालये शोधण्यासाठी पीकेजी-कॉन्फिग लागते:

सूडो एपीटी अपडेट
सूडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग

एवढ्यावरही पायथनची बांधणी यशस्वी होते, आणि खरी अडचण येथेच आहे. पायथनच्या मानक संग्रहातील बरीच मॉड्यूल्स बाहेरच्या सी ग्रंथालयांवर उभी आहेत; त्या ग्रंथालयांच्या हेडर फाइली सापडल्या नाहीत, तर बांधणी थांबत नाही, ते मॉड्यूल गुपचूप वगळून पुढे जाते. संगणकावर ओपनएसएसएल असणे पुरेसे नाही, कारण उबुंटूमध्ये हेडर फाइली ‘-डेव्ह’ असा शेवट असलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेल्या असतात.

कोणत्या पॅकेजवाचून काय अडते हे जाणून घेतले तर यादी पाठ करावी लागत नाही. लिबएसएसएल-डेव्ह नसेल तर एसएसएल मॉड्यूल तयार होत नाही, आणि सुरक्षित जोडणीच करता येत नसल्यामुळे पिप हे पॅकेजे बसवणारे साधन एकही पॅकेज उतरवू शकत नाही. झेडलिब१जी-डेव्ह नसेल तर त्याच्याही आधी, म्हणजे बसवण्याच्या टप्प्यावर पिपची मांडणी करतानाच, झिप फाइल उलगडता न आल्याने काम मोडते. लिबएफएफआय-डेव्ह हे सीटाइप्ससाठी आणि लिबएसक्यूलाइट३-डेव्ह हे एसक्यूलाइट३ साठी लागते. लिबबीझेड२-डेव्ह व लिबएलझेडएमए-डेव्ह ही दोन संकुचित फाइलींसाठी आहेत. त्यांची उणीव आज जाणवत नाही, पण काही महिन्यांनी पांडाज बसवल्यावर जाणवते. लिबरीडलाइन-डेव्ह आणि लिबएनकर्सेस-डेव्ह ही संवादी खिडकीसाठी हवीत; ३.१३ मध्ये आलेली नवी संवादी खिडकी, जिच्यात अनेक ओळींचा तुकडा एकदम मागे आणून सुधारता येतो, ती कर्सेस नसल्यास जुन्या साध्या रूपावर परत जाते. टीके-डेव्ह हे टीकेइंटर आणि आयडल संपादकासाठी आहे, तर लिबजीडीबीएम-डेव्ह व यूयूआयडी-डेव्ह ही किरकोळ कामांची असली तरी सोबत घ्यावीत. ही सारी पॅकेजे वरच्याप्रमाणेच एपीटी इन्स्टॉलने एका ओळीत बसवता येतात.

सोर्स कोड पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. .टार.एक्सझेड हा प्रकार निवडल्यास फाइल वीस-बावीस एमबीची असते. तिचा चेकसम उतरवण्याच्या पानावरील आकड्याशी ताडून पाहावा. फाइल ज्या फोल्डरमध्ये उलगडायची, त्याच्या मार्गात कोठेही मोकळी जागा नसावी, कारण मेकला मोकळ्या जागा नीट हाताळता येत नाहीत. ३.१३.५ ही आवृत्ती उतरवली असे धरले, तर:

टार -एक्सएफ पायथन-३.१३.५.टार.एक्सझेड
सीडी पायथन-३.१३.५

यानंतरचा निर्णय म्हणजे पायथन कोठे बसवायचे. काही न सांगितल्यास ते /यूएसआर/लोकल मध्ये जाते, आणि तेथे त्याच्या हजारो फाइली इतर सॉफ्टवेअरच्या फाइलींत मिसळतात. त्यापेक्षा स्वतःच्या होम फोल्डरमध्ये वेगळी जागा द्यावी: सूडो वापरावे लागत नाही, आणि प्रशासकाचे अधिकारच वापरले नाहीत तर प्रणालीचे पायथन चुकूनही बिघडू शकत नाही.

./कॉन्फिगर --प्रिफिक्स=$होम/ऑप्ट/पायथन३१३ --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स --विथ-एलटीओ

येथे $होम ऐवजी तरंगचिन्ह (~) वापरू नये. समान चिन्हाच्या पुढे आलेले तरंगचिन्ह बॅश या ठिकाणी उलगडत नाही आणि प्रिफिक्ससाठी पूर्ण मार्ग हवा असे सांगून कॉन्फिगर थांबते. हा मार्ग विचार करून निवडावा, कारण पिप आणि तिने पुढे बसवलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तो जसाच्या तसा लिहिला जातो, आणि नंतर फोल्डर हलवल्यास त्या स्क्रिप्ट चालत नाहीत.

--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स या पर्यायामुळे इंटरप्रिटर दोनदा कंपाइल होतो. पहिल्या वेळी त्यात मोजणीची सोय घातलेली असते. मग त्या इंटरप्रिटरवर पायथनच्याच काही चाचण्या चालवून कोणता कोड किती वेळा वापरला जातो याची नोंद होते, आणि त्या नोंदीच्या आधारे कंपायलर दुसरी, अधिक वेगवान बांधणी करतो. रोजच्या वापरासाठी हा पर्याय घ्यावा, पण त्याला वेळ बराच लागतो. साध्या बांधणीच्या कित्येक पट धरून चालावे. म्हणूनच पहिली खेप हे दोन्ही पर्याय वगळून करून पाहणे शहाणपणाचे ठरते: सगळी मॉड्यूल्स जमली याची खात्री झाली की मगच वेळखाऊ बांधणीला हात घालावा. डीबगिंगसाठी बांधत असाल तर हे पर्याय सोडून --विथ-पायडीबग द्यावे.

कॉन्फिगरच्या शेकडो ओळींपैकी शेवटच्या भागाकडे लक्ष द्यावे. तेथे मानक संग्रहातील प्रत्येक विस्तार-मॉड्यूलचे नाव येते आणि त्यापुढे ‘येस’ किंवा ‘मिसिंग’ असा शेरा असतो. एसएसएल, सीटाइप्स किंवा एलझेडएमए यांच्यापुढे ‘मिसिंग’ दिसले तर पुढे जाऊ नये. संबंधित डेव्ह पॅकेज बसवून ‘मेक डिस्टक्लीन’ द्यावे आणि कॉन्फिगर पुन्हा चालवावे. नुसते ‘मेक’ पुन्हा चालवून भागत नाही, कारण कॉन्फिगरने काढलेला जुना निष्कर्षच त्यात वापरला जातो.

मग प्रत्यक्ष बांधणी:

मेक -जे४

चारचा आकडा संगणकातील गाभ्यांच्या संख्येनुसार बदलावा. मेमरी कमी असेल तर तो लहान ठेवावा, विशेषतः एलटीओसह (म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडताना केलेल्या वेगवाढीसह), कारण त्या जोडणीच्या टप्प्यावर मेमरीची मागणी एकदम वाढते. काम संपल्यावर टर्मिनल लगेच पुसू नये. काही ऐच्छिक मॉड्यूल्ससाठी आवश्यक गोष्टी सापडल्या नाहीत, अशा अर्थाची सूचना आणि त्याखाली नावे दिसली, तर ती शेवटची संधी समजावी. ‘मेक टेस्ट’ने सगळ्या चाचण्या चालवता येतात, पण सी कोडमध्ये स्वतः फेरफार केलेला नसेल तर त्याची गरज मला वाटत नाही.

बसवण्यासाठी ‘मेक इन्स्टॉल’ न देता पुढील आज्ञा द्यावी:

मेक अल्टइन्स्टॉल

दोहोंत फरक असा की इन्स्टॉल ‘पायथन३’ या सर्वसाधारण नावाचीही फाइल ठेवते, तर अल्टइन्स्टॉल केवळ पायथन३.१३, पिप३.१३ अशी आवृत्तीसह नावे तयार करते. त्यामुळे प्रिफिक्समधील बिन हा फोल्डर पाथमध्ये, म्हणजे आज्ञा जेथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, घातला तरी प्रणालीच्या ‘पायथन३’वर सावली पडत नाही. अपवाद एकच: प्रणालीत असलेलीच आवृत्ती, म्हणजे येथे ३.१२, पुन्हा बांधली असेल तर दोन्हींची नावे सारखी होतात. अशा वेळी पाथला हात न लावता पूर्ण मार्गाने हाक मारावी. जीआयएलविरहित बांधणीसाठी --डिसेबल-जीआयएल हा पर्याय आणि वेगळा प्रिफिक्स द्यावा. तिच्या फाइलीचे नाव शेवटी ‘टी’ लागून पायथन३.१३टी असे होते.

पडताळणी एका ओळीत होते:

$होम/ऑप्ट/पायथन३१३/बिन/पायथन३.१३ -सी "इम्पोर्ट एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, एलझेडएमए, बीझेड२, झेडलिब, कर्सेस, टीकेइंटर"

काहीही न छापता आज्ञा संपली म्हणजे सर्व मॉड्यूल्स जागेवर आहेत. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी संवादी खिडकीत इंट('४२') टंकून पाहावे. अवतरणातील अंक येथे मुद्दाम देवनागरीतच ठेवायचे आहेत. पायथन ते संख्या म्हणून ओळखते आणि रोमन अंकांत ४२ परत देते. तसेच लेन('मराठी') याचे उत्तर ५ येते, कारण काना आणि वेलांटी ही स्वतंत्र युनिकोड चिन्हे म्हणून मोजली जातात. ही दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत. दुसऱ्यामुळे बांधणीत दोष असल्याचा समज करून घेऊ नये.

रोजच्या कामासाठी या पायथनमध्ये थेट पॅकेजे बसवण्यापेक्षा प्रत्येक प्रकल्पाला वेगळे वातावरण द्यावे:

$होम/ऑप्ट/पायथन३१३/बिन/पायथन३.१३ -एम व्हेन्व्ह प्रकल्प-वातावरण
सोर्स प्रकल्प-वातावरण/बिन/ॲक्टिव्हेट

वातावरण सुरू असेपर्यंत नुसते ‘पायथन’ म्हटले तरी आपण बांधलेला इंटरप्रिटर चालतो. मात्र हे वातावरण म्हणजे इंटरप्रिटरची प्रत नसून त्याच्याकडे बोट दाखवणारी लिंक असते, हे ध्यानात ठेवावे.

३.१३ मालिकेत दुरुस्तीची नवी आवृत्ती आली, की तिचा सोर्स वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडून तोच प्रिफिक्स आणि तेच पर्याय देऊन पुन्हा बांधावे. जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जातात आणि आधीची वातावरणे तशीच चालू राहतात. कॉन्फिगरला दिलेले पर्याय आठवत नसतील तर सिस्कॉन्फिग मॉड्यूलला गेट_कॉन्फिग_व्हार('कॉन्फिग_आर्ग्ज') असे विचारावे. त्यातील अवतरणातले नाव रोमन मोठ्या अक्षरांत असते. ३.१४ मात्र वेगळ्या प्रिफिक्समध्ये बसवावे आणि वातावरणेही नव्याने करावीत. पायथनच्या मेकफाइलमध्ये काढून टाकण्याची आज्ञा नाही; /यूएसआर/लोकल मध्ये बसवणाऱ्याला एकेक फाइल शोधावी लागते. येथे सांगितल्याप्रमाणे बसवले असेल, तर त्यावर आधारलेली वातावरणे आधी काढावीत आणि मग ऑप्टमधील पायथन३१३ हा फोल्डर पुसावा.