फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

भाच्याला यूट्यूब बघायला फोन द्यावा, तर थोड्या वेळाने ऑफिसच्या ग्रुपवर वाघ, केळी आणि विमानांच्या इमोजींची रांग लागलेली असते. यावर अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून, म्हणजे ५.० आवृत्तीपासून, इलाज आहे: अॅप पिनिंग. एकच अॅप स्क्रीनवर अडकवून ठेवायचं, की होमलाही जाता येत नाही आणि दुसऱ्या अॅपमध्येही नाही.

१. सेटिंग्ज उघडून वरच्या सर्चमध्ये 'पिन' टाका. फोन इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. मेन्यू धुंडाळत बसू नका. प्रत्येक कंपनीने ही सोय वेगळ्याच कप्प्यात ठेवली आहे, बहुधा सिक्युरिटीच्या आत कुठेतरी.

२. 'अॅप पिनिंग' किंवा 'पिन अॅप' चालू करा. अनपिन करताना, म्हणजे अॅप सोडवताना, फोनच्या लॉकचा पिन नंबर विचारायचा की नाही, हा पर्यायही तिथेच असतो. तोही चालू करा, नाहीतर सगळा खटाटोप वाया. आजकालची पोरं बटणं आपल्यापेक्षा लवकर शोधतात.

३. द्यायचं ते अॅप एकदा उघडा. मग खालून वर बोट सरकवून मधेच थांबा, म्हणजे उघडी अॅप्स दिसतील. त्या अॅपच्या आयकॉनवर टॅप करून 'पिन' निवडा.

४. सोडवायला खालून वर सरकवून बोट तसंच धरून ठेवा. खाली तीन बटणं असलेल्या फोनवर बॅक आणि रिसेंट एकदम दाबून धरा.

आयफोनवर हेच काम 'गायडेड अॅक्सेस' करतं. ते अॅक्सेसिबिलिटीत असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेला पडत नाही.

एक लक्षात घ्या: पिन केलेल्या अॅपच्या आत सगळं उघडंच असतं. गॅलरी पिन करून कुणाला एक फोटो दाखवायला दिलात, तर पुढचे-मागचे फोटो बघायला त्याला कुणी अडवत नाही. शिवाय काही अॅप्स स्वतःच दुसरं अॅप उघडू शकतात. व्हिडिओ, गेम यांच्यासाठी पिनिंग उत्तम. व्हॉट्सअॅप पिन करून देण्यात अर्थ नाही.

फोन परत आला आणि नोटिफिकेशन्स कुणीतरी साफ करून टाकलेली दिसली, तर 'नोटिफिकेशन हिस्ट्री' बघा. अँड्रॉइड ११ पासून ती आहे आणि गेल्या २४ तासांतलं दाखवते. मात्र आधी चालू केलेली हवी. आज चालू करून कालचं मिळणार नाही. पाठवणाऱ्याने नंतर डिलीट केलेला मेसेजही तिथे बऱ्याचदा सापडतो. भांडणं टाळायची असतील तर ही बातमी घरात पसरवू नका.

पाहुण्यांना वायफाय द्यायला तर फोन हातात द्यायचीही गरज नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कवर जाऊन 'शेअर' दाबा, क्यूआर कोड येईल. पाहुण्याने तो स्कॅन करायचा. अँड्रॉइड १० पासून हे जमतं. कोडमध्ये पासवर्डच असतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

आणि अपघातात फोन अनोळखी माणसाच्या हाती पडला तर? सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' शोधून रक्तगट, औषधांची अॅलर्जी आणि घरच्या दोघांचे नंबर भरून ठेवा. लॉक स्क्रीनवरच्या 'इमर्जन्सी कॉल'मधून ते पासवर्डशिवाय दिसतात. आयफोनवर ही माहिती हेल्थ अॅपच्या 'मेडिकल आयडी'त भरायची, आणि लॉक असताना दाखवण्याचा पर्याय चालू आहे ना, तेही बघायचं. भरून झाल्यावर फोन लॉक करून एकदा स्वतःच उघडून बघा, फक्त चुकून ११२ लावू नका.