क्वेसारच्या वर्णपटावरून पुनर्आयनीभवनाचा शेवट कसा ओळखावा

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व ३००० केल्विनपर्यंत निवले, प्रोटॉनांना इलेक्ट्रॉन येऊन मिळाले आणि सगळीकडे उदासीन हायड्रोजन भरून राहिला. आज दीर्घिकांमधल्या विरळ जागेत जो हायड्रोजन आढळतो, त्याचा इलेक्ट्रॉन मात्र जवळजवळ सर्वत्र पुन्हा सुटलेला आहे. हे पुनर्आयनीभवन केव्हा संपत आले, याचा अंदाज एका वर्णपटावरून घरबसल्या बांधता येतो. त्यासाठी दुर्बिणीची गरज नाही; वर्णपटाचा आलेख, फूटपट्टी आणि कॅल्क्युलेटर एवढे जवळ असले की पुरे.

उदाहरणासाठी स्लोन या आकाश-सर्वेक्षणात सापडलेला जे १०३०+०५२४ हा क्वेसार, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झगझगणारे दूरच्या दीर्घिकेचे केंद्र, घ्यावा. २००१ साली केक दुर्बिणीने टिपलेला त्याचा वर्णपट या विषयात मैलाचा दगड ठरला आणि नवशिक्यालाही तो वाचता येतो.

आलेखातील सर्वांत ठसठशीत शिखर आधी शोधावे. ही हायड्रोजनची लायमन-आल्फा रेषा आहे. प्रयोगशाळेत तिची तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर असते, येथे ती सुमारे ८८५ नॅनोमीटरवर दिसते. ८८५ ला १२१.६ ने भागून १ वजा केल्यास ६.२८ उरतात, ही झाली क्वेसारची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचे माप; ती जितकी मोठी, तितका प्रकाश जुना. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय ९० कोटी वर्षांच्या आसपास होते.

आता शिखराच्या डावीकडे यावे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. क्वेसारहून निघालेला अतिनील प्रकाश वाटेत ताणला जातो, आणि ज्या ठिकाणी त्याची तरंगलांबी नेमकी १२१.६ नॅनोमीटर होते त्या ठिकाणचा उदासीन हायड्रोजन तो गिळतो. त्यामुळे डावीकडचा प्रत्येक बिंदू म्हणजे वाटेवरचे एकेक ठिकाण असते, आणि वरचाच भागाकार करून त्या ठिकाणची ताम्रसृती काढता येते. या आलेखात ८४५ ते ८७१ नॅनोमीटरच्या पट्ट्यात रेषा शून्यावर टेकलेली दिसते. गणित केल्यास हा पट्टा ताम्रसृती ५.९५ ते ६.१६ चा निघतो. जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी १९६५ मध्येच सांगितले होते की मधला हायड्रोजन उदासीन असता, तर असा सपाट काळा पट्टा दिसला असता. त्यांच्या वेळच्या क्वेसारमध्ये तो नव्हता. येथे तो आहे. पट्टा शिखराला चिकटलेला नाही, ८७१ ते ८८५ च्या मधे थोडा प्रकाश शिल्लक आहे, हेही नजरेतून सुटू देऊ नये. स्वतःच्या तेजाने क्वेसारने आपल्याभोवतीचा वायू आधीच आयनीभूत करून ठेवला आहे, म्हणून ही फट. मोजणीतून ती वगळावी.

येथे बहुतेक जण घाई करतात. काळा पट्टा दिसला म्हणजे तिथला सगळा हायड्रोजन उदासीन होता, असा निष्कर्ष काढू नये. लायमन-आल्फाचे शोषण इतके जबर असते की दहा हजारांत एखादा अणू उदासीन उरला तरी प्रकाश पार नाहीसा होतो. काळोख म्हणजे ‘निदान एवढा तरी उदासीन’, याहून जास्त काही नाही.

पुढची पायरी म्हणून त्याच ठिकाणांची लायमन-बीटा रेषा तपासावी. तिची मूळ तरंगलांबी १०२.६ नॅनोमीटर असल्याने तोच वायू आता ७१३ ते ७३५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोधावा लागतो. हे शोषण सुमारे सहापट सौम्य असते. आल्फा पुरती बुजली तरी बीटामधून प्रकाश झिरपू शकतो, आणि बीटाही काळी निघाली तर उदासीन अंशाची खालची मर्यादा आणखी वर सरकते. या क्वेसारमध्ये ती काळीच निघाली. मात्र त्याच पट्ट्यात अलीकडच्या हायड्रोजनचे आल्फा-शोषणही मिसळलेले असते, ते आधी वजा करावे लागते. हे काम किचकट आहे.

उदासीन अंश खरोखर मोठा होता का, हे विचारायचे असेल तर शिखराच्या उजवीकडे पाहावे. दाट उदासीन वायूचे शोषण रेषेच्या उजव्या उतारावरही पसरते आणि शिखराची कड खाल्ल्यासारखी दिसते. ७.५४ ताम्रसृतीच्या जे १३४२+०९२८ या क्वेसारमध्ये, सुमारे १०३८ नॅनोमीटरजवळ, ही खूण मिळाली आहे. तिथवर जायला अवरक्त वर्णपट लागतो.

आपले उत्तर वेगळ्या मार्गाने पडताळून पाहावे. सुटलेले इलेक्ट्रॉन पार्श्वभूमीच्या सूक्ष्मलहरी, म्हणजे विश्व निवले तेव्हापासून सर्वत्र पसरलेला प्रकाश, विखुरतात. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार असे विखुरण सुमारे ५.४ टक्के आहे आणि त्यावरून पुनर्आयनीभवनाचा मध्य ताम्रसृती ७.७ च्या जवळ येतो. शेवट ६ च्या आसपास, मध्य त्याआधी, दोन्ही जुळतात. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने याच कालखंडाकडे तिसऱ्या वाटेने पाहिले: ताम्रसृती ८.६ वरून निघालेली हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर आपल्यापर्यंत येताना सुमारे २ मीटर लांब होते, म्हणजे १४८ मेगाहर्ट्झवर ऐकावी लागते. आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट तिच्याहून हजारो पटींनी मोठा असल्याने हाती वरची मर्यादा लागली, लहर नव्हे.

हे पुनर्आयनीभवन घडवले कोणी? हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि तो दीर्घिकेतून बाहेर निसटणे अवघड असते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने १.४२ ताम्रसृतीच्या एका दीर्घिकेतून असा प्रकाश निसटताना टिपला. सुरुवातीच्या लहान दीर्घिकांनी हेच केले असावे, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. त्या दीर्घिकांभोवती आयनीभूत वायूचे बुडबुडे वाढले आणि एकमेकांत मिसळत गेले.

बुडबुड्यांची ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती, म्हणून एकाच वर्णपटावर विसंबू नये. जे ०१४८+०६०० या क्वेसारच्या दिशेला ताम्रसृती सुमारे ५.५ पर्यंत खाली आलेला लांबलचक काळा पट्टा आढळतो, तर त्याच काळातल्या इतर कित्येक दिशांना प्रकाश सहज पार होतो. चार-पाच क्वेसारचे आलेख एकाखाली एक ठेवावेत, प्रत्येकाचा पट्टा ताम्रसृतीत मांडावा, आणि शेवटचा काळा पट्टा कोठे संपतो तिथे पेन्सिलीने खूण करावी; हाच पुनर्आयनीभवनाच्या शेवटाचा अंदाज.