माइनक्राफ्ट सर्व्हर: मेमरीचा तळ बघून रीस्टार्टची वेळ ठरवा

माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर चालवत असाल, तर एचटॉप या लिनक्सवर प्रोसेस आणि मेमरी दाखवणाऱ्या प्रोग्राममधला मेमरीचा आकडा पाहून घाबरू नका. जावा एकदा घेतलेली मेमरी सहजासहजी परत देत नाही, त्यामुळे तो आकडा चढलेलाच दिसतो. खरी परिस्थिती कळते हीपच्या, म्हणजे जावा आपला डेटा ठेवते त्या मेमरीच्या, आलेखात. तिथली रेघ करवतीच्या दातांसारखी असते: वापर चढत जातो आणि गार्बेज कलेक्शन (नको असलेला डेटा काढून टाकणं) झालं की धपकन उतरतो. शिखरं सोडा, तळ बघा. सकाळी 2 जीबीपर्यंत उतरणारा वापर रात्री तेवढेच खेळाडू असताना 3 जीबीच्या खाली येत नसेल, तर मेमरी गळतीचा, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळीच होत नसल्याचा, संशय घ्या. माझ्या मते आधी नव्याने टाकलेलं प्लगइन तपासावं. हे आकडे ‘स्पार्क’ प्लगइन छान दाखवतं.

तळ कमाल हीपच्या तीन चतुर्थांशापर्यंत पोचला, की मी त्याच पहाटे रीस्टार्ट लावतो. 15, 5 आणि 1 मिनिट आधी ‘से’ कमांडने सगळ्यांना कळवायचं, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, मग ‘स्टॉप’. जग सेव्ह व्हायला वेळ लागला तरी थांबा. ‘किल -9’ (प्रोसेस जागच्या जागी मारणारी कमांड) अजिबात नको. कुणीतरी तासभर खपून एकेक वीट रचत वाडा बांधलेला असतो, आणि शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं त्यात जातं.

आणखी एक, मशीनची सगळी रॅम हीपला देऊ नका. रॅम संपली की लिनक्स स्वतःच सर्व्हरची प्रोसेस मारतो, आणि तेव्हा सेव्ह करायची संधीच मिळत नाही.